तपासलेला नैवेद्य

"पिठात कुणीतरी ताक घालतंय."

सौमित्रनं नाव घेतलं नाही. मठाच्या स्वयंपाकघरात त्याच्याशिवाय दोघंच होती. चुलीपाशी अनसूआक्का, आणि उंबऱ्याशी कोथिंबीर निवडत बसलेले गंगारामबुवा.

"कशावरून?" बुवांनी विचारलं.

"कालचं धिरडं आंबट होतं."

"रात्री वाटून ठेवते रे," आक्का म्हणाल्या. "उकाडा काय कमी आहे? मुगाचं पीठ आंबणारच."

उत्तर जरा लवकरच आलं, असं सौमित्रला वाटलं.

कॉलेज संपवून तो या डोंगरावर आला तो गुरू शोधायला. वासराच्या तोंडचं दूध माणसानं पिऊ नये, म्हणून दूध-दही सोडून आलेला. आल्या आल्या त्यानं बुवांच्या गळी उतरवलं होतं, की न्याहारी झटपट व्हावी, अंगाला भरपूर प्रथिनं मिळावीत आणि तिच्यात दुधाचा थेंब नसावा. भिजवून वाटलेले मूग, आलं, मिरची. सकाळी तवा तापला की धिरडी.

बुवा "बरं" म्हणाले होते. इतक्या सहज म्हणाले, की तिथंच त्याला पहिली शंका आली.

त्यात खालच्या वाडीतले बिरूमामा रोज न्याहारीला टेकायचे, ते ताकाची चरवी घेऊन. येताना भरलेली, जाताना रिकामी. ते ताक दुपारच्या जेवणाचं, असं आक्का सांगायच्या.

सांगायच्या.

आज त्यानं पिशवी भरून ठेवली होती. ताक निघालं तर डोंगर उतरायचा, आणि पुन्हा जन्मात कुणाला गुरू म्हणायचं नाही.

"बुवा, कोण घालतं ते तुम्हाला माहीत आहे ना?"

बुवा पिवळी पानं बाजूला काढत राहिले.

"या मौनाचा अर्थ काय समजू मी?"

"कोथिंबीर जून आहे, असं समज."

सौमित्र उठला. पातेल्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

मिठाच्या बरणीकडे गेलेला आक्कांचा हात तसाच राहिला. नैवेद्याआधी या मठात कुणी चव बघत नसे.

त्यानं पुन्हा बोट बुडवलं. मूग... आलं... मिरची...

"ताक नाही," तो म्हणाला. आवाजात थोडी निराशाच होती.

"उष्टं झालं," आक्का म्हणाल्या. "आता देवाला काय दाखवू?"

त्यांनी डाव त्याच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

"घाल धिरडी," बुवा म्हणाले.

"पण हे तर उष्टं..."

"हेच दाखव. देवाला सांग, तपासलेलं आहे."

हा राग होता की थट्टा? सौमित्रनं बुवांचा चेहरा न्याहाळला. हाती काही लागलं नाही.

त्यानं तवा ठेवला. बाहेर बिरूमामा आले. आक्का त्यांच्याशी काहीतरी कुजबुजल्या. त्यानं कान टवकारले, आणि पहिलं धिरडं करपलं.

देवापुढं ताटली ठेवताना मात्र 'तपासलेलं आहे' हे शब्द काही त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

सगळे पानावर बसले. बुवांनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला...

सौमित्र त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या पानातलं धिरडं तसंच होतं.

"बुवा, बोला काहीतरी. मी चुकलो का?"

"आधी खा. पिशवी कुठं पळत नाही."

पिशवीचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आक्कांनी एक घास घेतला आणि पदर ओठांशी नेला. त्या रडताहेत की हसताहेत, तेही त्याला कळेना.

बिरूमामांनी अर्धं धिरडं संपवलं, पाण्याचा घोट घेतला, आणि पहिल्यांदाच सौमित्रकडे पाहिलं.

"मिठाचा कण न्हाई ह्यात," ते म्हणाले. "आज तर कुणीतरी चाखलंतं म्हनं."