बोलण्यात वाढलेली बाग

नदीकाठच्या एका लहानशा गावात मथुरा नावाची एक सून राहत होती. नवरा नोकरीसाठी परगावी असे. घरात ती आणि तिच्या सासूबाई, दोघीच. मथुरा त्यांना आत्याबाई म्हणे. आत्याबाईंची दृष्टी गेली होती आणि पायही चालत नव्हते. खिडकीजवळच्या पलंगावर त्या दिवसभर पडून असत.

आत्याबाईंचं ऋषिपंचमीचं व्रत होतं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हे तर सगळ्याच बायका पाळतात. आत्याबाईंचा नेम त्याहून कडक. आपल्याच परसात, घरच्याच हातांनी कुदळून पिकवलेली भाजी असेल तरच त्या तोंडात घालत. बत्तीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. पाय होते तोवर त्यांनी स्वतः माती कुदळली, मग कुदळ मथुरेच्या हातात आली.

“औंदा उद्यापन करून टाकू गं,” त्या चैत्रात म्हणाल्या. “पुढची पंचमी कुणी बघितलीय?”

मथुरेने मनावर घेतलं. तिची बाग होतीच गुणाची. विकतचं खत नाही की औषध नाही. शेण, पालापाचोळा, किडीवर आंबट ताक आणि कडुनिंबाचा पाला, एवढ्यावर भाजी डोलायची. पण उद्यापनाची भाजी म्हणजे काही वेगळं करायला हवं, असं तिला वाटलं. गावच्या देवळात जत्रा झाली होती. निर्माल्याचे ढीग पडले होते. लोकांच्या पायाखाली येण्यापेक्षा ते आपल्या वाफ्यात गेलं तर किती पुण्य! तिने टोपल्या भरभरून निर्माल्य आणलं आणि सगळ्या वाफ्यांत पुरलं.

शेजारच्या सुभद्रावहिनी कुंपणावरून बघत होत्या. “अगं मथुरे, फुलं थोडी आणि रंगीत गुलालच जास्त आहे त्यात. कापूर आहे, समयांचं तेल आहे. फुलं तेवढी वेचून घे की.”

“वहिनी, देवाच्या अंगावरचं आहे ते. त्यात निवडानिवड कसली करायची? मातीचं वाईट कसं होईल?”

“बाई, देवाला गुलाल चालतो. अळूला चालतो का, ते अळूला विचार!”

मथुरा हसली. नमस्कार करून तिने वर माती लोटली.

ज्येष्ठात तिने अळूचे कांदे लावले. माठ, भेंडी, पडवळ, दोडका पेरला. अंकुर फुटले, पण बोटभर वाढून पिवळे पडले आणि माना टाकून बसले. तिने पुन्हा पेरलं. तेही गेलं. माती उकरली तर आत एक किडा नाही, मुंगी नाही. हातात घेतली तर तेलकट, लालसर, आणि वास असा, की तिने ती चटकन टाकून दिली. वाफ्याच्या कडेला बसून ती खूप रडली. वाईट काही केलं नव्हतं तिने. भक्तीच केली होती. आणि त्या भक्तीनेच माती मेली होती.

ती घरात आली तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, “अळू किती वर आलं गं?”

खरं तिच्या ओठांशी आलं होतं. पण म्हाताऱ्या जिवाला धक्का कशाला, असं म्हणून तिने ते गिळलं. म्हणाली, “वीतभर आलंय.”

आत्याबाईंचा चेहरा फुलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. मग रोजच विचारू लागल्या. आषाढात अळू गुडघ्याला लागलं. श्रावणात पडवळ मांडवावर चढलं. “पान हत्तीच्या कानाएवढं झालंय, आत्याबाई,” मथुरा सांगे, आणि मागच्या दारी तोंडात पदर घालून उभी राही. परसात उघडी जमीन आणि पलंगाशी हिरवीगार बाग. आत्याबाई दोन घास जास्त जेवू लागल्या होत्या. आता तर सांगणं आणखीच अवघड झालं.

पंचमीच्या आदल्या दिवशी सुभद्रावहिनी बाजारातून भाजी घेऊन आल्या. अळू, माठ, पडवळ, सगळं होतं. हळूच म्हणाल्या, “टाक शिजवून. त्यांना दिसतंय कुठे? उद्यापन झालं म्हणून सुखाने डोळे मिटतील बिचाऱ्या.”

मथुरा नाही म्हणू शकली नाही.

पंचमीला तिने भाजी शिजवली. ऋषींची पूजा झाली. ताट आत्याबाईंच्या मांडीशी ठेवलं. त्यांनी चाचपडत ताटाला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला.

“मथुरे, माझं व्रत तू तडीला नेलंस गं. या मातीतल्या कष्टाचं फळ देव तुला देवो.”

त्यांनी घास उचलला. तो ओठांपर्यंत गेला, आणि मथुरेने त्यांचं मनगट धरलं.

“आत्याबाई, थांबा. ही आपल्या परसातली नाही. विकतची आहे. परसात काही उगवलंच नाही. माझ्याच हाताने माती मेली.”

घास ताटात पडला. आत्याबाईंनी हात ताटावरून मागे घेतला.

“कधीपासून?”

“आषाढ लागायच्या आधीपासून.”

“मग ती हत्तीच्या कानाएवढी पानं?”

मथुरेने मान खाली घातली. ती त्यांना दिसत नव्हती, तरी घातली.

“छान सांगितलंस हो,” आत्याबाई म्हणाल्या. “मला तर मांडवाखालची सावलीसुद्धा लागत होती. उचल ते ताट.”

त्या दिवशी त्या घरात कुणी जेवलं नाही. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दिवेलागणीला त्यांनी पाणी मागितलं. मथुरेने भांडं त्यांच्या हातात दिलं.

“माती मेली म्हणून मी रागावले नाही,” त्या म्हणाल्या. “मीही असतं घातलं निर्माल्य. देवाचं म्हटल्यावर मी तरी कुठे निवडलं असतं? पण मथुरे, माठ महिन्याभरात येतो गं. आषाढात सांगितलं असतंस, तर दोघींनी मिळून काही केलं असतं. परसातल्याच आंब्याखालची माती टोपलीत भरून तू इथे आणली असतीस. मी पडल्या पडल्या दाणे टाकले असते. एक जुडी पुरली असती मला.”

मथुरेच्या हातात दोन महिने होते. ते तिने बाग सांगण्यात घालवले होते.

उद्यापन राहून गेलं. माघात आत्याबाई गेल्या.

मथुरेने पुढे वाफ्यांतली ती माती टोपलीटोपलीने उपसून काढली. शेण आणि पाचोळा घालत राहिली. जमीन सावकाश सुधारत गेली. आणि कुणी विचारलं, “काय मथुराताई, बाग कशी आहे?” तर ती आधी काय वाळलं ते सांगे, आणि मग काय उगवलं ते.

तात्पर्य: भोळ्या भक्तीने झालेली चूकसुद्धा चूकच असते, पण ती वेळेवर सांगितली तर सुधारता येते. जिवलगाला दुःख नको म्हणून जो खरं लपवतो, तो त्याचं दुःख वाचवत नाही, फक्त उपाय करायचे दिवस वाया घालवतो.