घोड्याचं कवन, रेड्याचं कवन

सरकारांनी आपल्या लाडक्या घोड्यावर कवन रचलं होतं. दसऱ्याच्या दरबारात राणोजी शाहिरानं त्याच चालीवर रेड्याचं कवन म्हटलं. दरबार पोट धरून हसला. सरकार मात्र लालबुंद झाले.

राजकवी भास्करपंत म्हणाले, “हा उघड अपमान आहे. याला हद्दपार करा.”

राणोजीनं हात जोडले. “सरकार, मूळ कवन तोंडपाठ असल्याशिवाय नकलेला कुणी हसत नाही. आज अख्खा दरबार हसला.”

सरकारांच्या मिशीत हसू फुटलं. त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला आपट्याचं सोनं दिलं.

पंत चिडून म्हणाले, “मग माझ्या कवनाची नक्कल का नाही केलीस?”

“गेल्या दसऱ्याला केली होती की, पंत. कुणालाच ओळखू आली नाही. तुम्ही तर मान डोलावत होतात.”