झाओ मावशीच्या नावाचा वाडगा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. मला मोजायला बसवलंत तर गोष्ट राहील बाजूला. चीन देशात पिवळ्या नदीच्या काठी एक गाव होतं. नदी पिवळी का, तर ती अधाशासारखी डोंगराची माती खात यायची आणि गावापाशी आली की टाकायची. तिचं पात्र दरवर्षी वर यायचं, म्हणून लोक बांध वर चढवायचे. शेवटी नदी वर आणि गाव खाली. हसता काय, आपण तरी कुठं फार शहाण्या जागी घरं बांधलीत?

त्या गावात झाओ मावशी राहायची. ती हाडं भाजायची. खायला नाही हो, तोंडाला पाणी सुटू देऊ नका. त्या लोकांचा रिवाजच होता, काही अडलं की मेलेल्या वाडवडिलांना विचारायचं, आणि वाडवडील हाडातून बोलायचे. बैलाच्या खांद्याचं पसरट हाड घ्यायचं, पाठीमागून त्यात खळगा कोरायचा, खळग्यात निखारा टेकवायचा. तड्‌ करून पुढच्या बाजूला चीर पडायची. चीर वर गेली तर चांगलं, खाली गेली तर वाईट.

एकदा एक बाई तापलेलं तान्हं घेऊन आली. चीर खाली गेली. पोर कदाचित वाचलंही असतं, पण आईनं तिथंच हाय खाल्ली, तिचं दूध आटलं, आणि पोर गेलं. ते मावशीच्या जिवाला लागलं. तेव्हापासून ती खळगा जरा तिरका कोरू लागली. तिरक्या खळग्याची चीर वरच जाते.

मग काय. लग्न जमेल? वर. गाय नीट विईल? वर. सासूबाई सुधारतील? तीही वर. गाव खूश, मावशी गालातल्या गालात हसायची. लांबलांबची माणसं रडत यायची आणि हसत जायची, असं म्हणतात.

एका वर्षी राळं पिकून उभं होतं, कापणी तोंडावर आली होती, आणि नदी बांधाच्या काठाला येऊन टेकली. गावचा मुख्य होता काँग, आपल्याकडे पाटील असतो तसा. तो म्हणाला, "मावशीला विचारा. राळं कापायचं, की टाकून टेकडीवर चढायचं?"

मावशीनं त्या दिवशी खळगा सरळ कोरला. चीर खाली गेली. तिनं दुसरं हाड भाजलं. तेही खाली. ती धावत काँगच्या दारात आली. चुलीवर पेज रटरटत होती, माणसं वाडगे घेऊन बसली होती.

"काँग, ऊठ बाबा. गाव घेऊन टेकडीवर चढ."

"मावशी, तुझं हाड आजवर कधी नाही म्हणालं नाही. आज कुठल्या रोगट बैलाचं आणलंस?"

तेव्हा तिनं सांगून टाकलं. तान्ह्या पोराचं, तिरक्या खळग्याचं, सगळं.

काँगचा मेहुणा म्हणाला, "म्हणजे माझं लग्न हिनं लावलं? वाडवडिलांनी नाही?"

"तरीच," त्याची बायको म्हणाली.

सगळे हसले. काँग तेवढा हसला नाही. "आजवर खोटं सांगितलंस, मग आजचं खरं कशावरून? घरी जा मावशी. आम्हाला कापणी आहे."

कुणी तिला बस म्हणालं नाही. कुणी पेजेचा वाडगा पुढे केला नाही. दगडी विळे घेऊन माणसं शेतात गेली.

मावशीनं आजवर भाजून परसात पुरलेली जुनी हाडं उकरली, टोपलीत भरली आणि बांधावर जाऊन बसली. असं म्हणतात, भर दुपारी ती सगळी हाडं एकदम तडकली. ना निखारा, ना आग. प्रत्येक हाडानं आपला खरा जबाब त्या वेळी दिला. निरभ्र आभाळात वीज कडाडावी तसा आवाज शेतांवरून गेला. माणसांनी माना वर केल्या, आणि बांध पाझरताना दिसला.

जे पळाले ते टेकडीवर पोचले. जे म्हणाले, एवढी पेंढी बांधतो आणि येतो, ते आले नाहीत. काँगचा थोरला मुलगा पेंढीच बांधत होता. मावशी तर बांधावरच होती.

पाणी ओसरल्यावर काँगनं तिला चिखलात खूप शोधलं. टोपली सापडली, ती नाही सापडली. म्हातारा होईतो तो एकच म्हणत राहिला, "बस तरी म्हणायचं होतं."

टेकडीवर ते गाव अजून आहे, असं म्हणतात. तिथं वाईट बातमी घेऊन कुणी दारात आलं की आधी त्याला बसवतात, राळ्याच्या गरम पेजेचा वाडगा हातात देतात, म्हणतात, "झाओ मावशीच्या नावाचा." तो पोटभर खातो, मग बोलतो, आणि मधे कुणी हसत नाही.

आता माणसं ती माणसंच. तुमच्यासारखा एखादा लबाड दर कापणीला तोंड पाडून येतो, दोन वाडगे रिचवतो आणि सांगतो, माझी कोंबडी हरवली. सगळ्यांना ठाऊक असतं, त्याच्याकडे कोंबडीच नाही. तरी त्याला वाढतात. एकीला उपाशी परत पाठवून पाहिलंय त्यांनी.