गाठ न मारलेला टाका

सुया-कात्र्यांना अजून वाचा होती, त्या काळची गोष्ट. सगुणा नुकतीच शिवण शिकली होती. गोधडीला दोन ओळी टाके घातले की तिला झबलं आठवायचं, आणि झबल्याची एक बाही झाली की उशीचा अभ्रा. हातातलं काम सोडताना ती सुई तशीच त्यात खुपसायची, दोऱ्याला गाठ काही मारायची नाही.

"अगं, उठताना गाठ मारावी," म्हातारी कात्री म्हणाली. "नाहीतर टाका चालतच राहतो."

"परत येणारच आहे ना मी!" सगुणा हसली.

एकदा ऐन तिन्हीसांजेला त्या पसाऱ्यातच तिचा डोळा लागला. जाग आली ती दोरा ओढल्याच्या सरसर आवाजाने. पदर गोधडीत शिवला गेला होता, चोळीची बाही झबल्यात. अभ्र्याची सुई वेणीतून हळूहळू मानेकडे सरकत होती.

"कात्रीबाई, सोडवा हो मला!"

कात्रीने पाती उघडली. "दोरे तीन आहेत आणि मी एकटी. आधी कुठला कापू?"

सगुणाने गोधडीकडे पाहिलं, मग झबल्याकडे, मग पुन्हा गोधडीकडे.

"थांबा हं जरा," ती म्हणाली.

कात्री थांबली. सुया थांबल्या नाहीत.