पतंगाचं नाव

फार फार पूर्वी पतंग म्हणजे फक्त एक उडणारा किडा होता. एके दिवशी माळावर राहणाऱ्या अशाच एका पतंगाला आभाळात दोरीला बांधलेला कागद दिसला. खाली मुलं ओरडत होती, "पतंग उडाला रे!"

पतंग रागाने कागदापाशी गेला. "माझं नाव परत दे."

"मी कुठे मागितलं होतं?" कागद म्हणाला. "मला उडताना पाहून त्यांना तुझी आठवण झाली."

तेवढ्यात दोरी तुटली आणि कागद बाभळीत अडकून फाटला. पतंगाला हायसं वाटलं. आता नाव पुन्हा आपलं एकट्याचं!

मुलं हिरमुसली. त्यांच्यातल्या सगुणाने काडीने मातीत चार रेघा ओढल्या, वरच्या दोन आखूड, खालच्या दोन लांब.

"हा कसला गं चौकोन?" धाकट्या भावाने विचारलं.

"पतंग! हा नाही फाटायचा."

पतंग तणतणत खाली आला आणि नेमका रेघेवर बसला. भाऊ टाळ्या पिटत नाचू लागला. "ताई, पतंगावर पतंग बसला!"

इतक्या आनंदाने आपलं नाव घेतलेलं पतंगाने कधी ऐकलं नव्हतं. भांडायचं विसरून तो तिथेच पंख मिटून बसला.