किव्विती

“हस्साजीबाबा, काल प्रार्थनेत तुम्ही ‘किव्विती’चा अर्थ ‘मी वाट पाहतोय’ असा का सांगितलात?”

हस्साजीबाबा अंगणात काथ्या पिंजत बसले होते. रेवदंड्याजवळच्या त्या बेने इस्राएल ज्यूंच्या आळीत चाळीस वर्षं प्रार्थना तेच चालवत. एलिझरला हिब्रूची पहिली अक्षरंही त्यांनीच गिरवायला लावली होती.

आता एलिझर जेरुसलेमला नऊ वर्षं शिकून आला होता. आईचं घर रिकामं करायला. आई, लेयाबाई, गेल्या हिवाळ्यात वारल्या, तेव्हा त्याची परीक्षा होती; तो आला नव्हता.

“मग काय सांगायला हवं होतं?” बाबांनी विचारलं.

“रूप पूर्ण झालेल्या क्रियेचं आहे. मी वाट पाहिली. पुष्कळजण तिथं वर्तमानकाळ घालतात, मला ते पटत नाही.”

“पाहिली. म्हणजे संपली?”

“संपली.”

“बरं... आणि धातू कोणता?”

“काही पंडित म्हणतात, त्याचा मूळ अर्थ पीळ घालणं. दोर वळणं.”

“पीळ तर तुझ्यात भरपूर आहे रे,” बाबा हसले. “तुझी आई दर शुक्रवारी दिवा लावला की हा शब्द म्हणायची. मग दारात उभी राहायची.”

एलिझर खाली बघू लागला.

“मला अर्थ विचारायची,” बाबा म्हणाले. “मी आपला सांगायचो, वाट पाहते.”

“चूक सांगायचात.” एलिझरचा आवाज चढला. “ती गेली, बाबा. आता कोण कुणाची वाट पाहणार? संपलं म्हणजे संपलं...”



बाबांनी काथ्याचे दोन पदर जुळवून त्यांची टोकं त्याच्या मुठीत दिली.

“धर.”

आणि तळव्यांत वळत, काथ्याची भर घालत, ते मागे मागे सरकू लागले. विहिरीपर्यंत. माडापर्यंत. सुंभ ताणला गेला. पीळ एलिझरच्या मुठीत येऊन काचू लागला.

मूठ जरा सैलावली की पीळ सरसर उलटा फिरे. तो दोन्ही हातांनी पुन्हा घट्ट आवळी.

ऊन वर आलं. त्याची बोटं लाल झाली. आणि मग त्या लाल बोटांकडे बघता बघता, आई गेल्याचं कळलं त्या दिवसापासून जे आलं नव्हतं, ते त्याच्या डोळ्यांत आलं.

डोळे पुसायला हात मोकळा करावा, तर सुंभ सुटला असता. त्यानं तसाच धरून ठेवला.

“बाबा...” त्यानं हाक मारली. “सोडू का?”

माडाखालून, दुसरं टोक हातात धरूनच, हस्साजीबाबांनी विचारलं,

“तिनं सोडलं होतं का रे?”