बाशिंगातल्या उलट्या पाकळीची कहाणी

ऐका पाकळीमाय, तुमची कहाणी. पाटावर नीट बसा, अक्षता हातात धरा, पुढच्या वहिनींनी डोळे उघडे ठेवा. ही कहाणी चौदा गावांत माझ्याइतकी बिनचूक कुणाला येत नाही. म्हणजे घरच्या मंडळींनी ती मला चारदा सांगितली, त्यात तीनदा मला डुलकी लागली. राहिलेलं मी जुळवून घेतलं.

आटपाट नगर होतं. तिथं भिवरा नावाची एक कागदकाम करणारी बाई होती. घरात तिचा नवरा खंडू, सासू आणि धाकटी लेक ठकू. भिवरा चिंध्या भिजवी, कुटी, लगदा करी, कागद पाथरी, वाळवी, रंगवी, कातरी आणि लग्नाची बाशिंगं बांधी. एक डोळा पाकळीवर, एक डोळा तव्यावर. मग भाकरीला गुलाबी रंग लागे, बाशिंगाला पीठ लागे. घरचे मुकाट खात, गिऱ्हाईक मात्र बोलून दाखवी. पोर रडे, सासू खोके, काम अर्ध्यावर राही.

एके दिवशी भर दुपारी दाराशी एक म्हातारी आली. पाणी मागितलं. भिवरा हातातलं काम टाकून उठली, पाणी दिलं, वर अर्धी गुलाबी भाकरी दिली. म्हातारीनं ती नावं न ठेवता खाल्ली. ही कुणी साधीसुधी बाई नव्हे, हे तिथंच ओळखावं. पण भिवरा कामात, तिनं काही ओळखलं नाही.

म्हातारी म्हणाली, "बाई, एकटीच का गं मरतेस? वसा घे."

"वसा घेतल्यानं काय होतं?"

"काम सरतं, घर हसतं."

"तो कसा घ्यावा?"

"घरात जितकी माणसं, तितके हात बाशिंगाला लागावेत. वाकडं लागलं तर वाकडंच राहू द्यावं. सगळे हात लागल्यावाचून ते उंबऱ्याबाहेर जाऊ नये. उतू नकोस, मातू नकोस, शहाणी होऊ नकोस."

भिवरानं वसा घेतला. मग ठकूनं एक पाकळी चिकटवावी, ती उलटी. सासूनं एक गाठ मारावी, ती बोराएवढी. खंडूनं चिकटवायची खळ शिजवावी, ती गुठळ्यांची. ठकूला ती गव्हाची खळ फार गोड लागे. पाकळी राहायची बाजूला, बोटं तोंडात. मग सासूनं युक्ती काढली, खळीत कडूलिंबाचा पाला उकळला. ठकूनं एकदा चाटली, तोंड वाकडं केलं आणि ती सवय सोडली.

असं होता होता भिवराचं नाव झालं. मांडवात उलटी पाकळी दिसली की बाया म्हणत, हे भिवराचं. घरात सगळे एका जागी बसत, भाकरी पांढरी निघे. सासूचा खोकला गेला नाही, पण तिला तो विसरायला होई.

एके दिवशी वाड्यावरून दासी आली. राजकन्येचं लग्न होतं. दासीनं राणीचा निरोप सांगितला: बाशिंग मनास आलं तर वाड्याची सगळी कामं भिवराची, नाही आलं तर या नगरात तिनं पुन्हा कात्री हातात धरायची नाही.

निरोप ऐकला मात्र, भिवरा उतली, मातली, शहाणी झाली. राजाघरी उलटी पाकळी कशी पाठवावी?

ठकू पाकळी घेऊन आली. भिवरानं तिला बाहेर खेळायला पिटाळलं. मग दाराशी म्हातारी उभी. "भिवरे, कुणाचा गं हात लागला?" "माझा."

सासू सुई घेऊन आली. भिवरानं तिला पडायला सांगितलं. मग पुन्हा म्हातारी. "भिवरे, कुणाचा गं हात लागला?" "माझाच."

खंडू पातेलं घेऊन आला. भिवरानं ते काढून घेतलं, खळ स्वतः शिजवली, मलमलच्या फडक्यातून गाळली. ठकू काही जवळ नव्हती. मग चाटणार कोण? पाला घातला नाही. तिसऱ्यांदा म्हातारी आली, विचारलं, तेच उत्तर ऐकलं, आणि हसत हसत निघून गेली.

बाशिंग झालं. काय त्याचं रूप सांगावं! चंद्राला बसवलं तर चंद्र लाजेल. भिवरानं त्यावर फडकं घातलं, फळीवर ठेवलं, समाधानानं झोपली.

सकाळी उठून फडकं काढलं, तो नुसत्या बांबूच्या कामट्या. गोड खळीच्या वासानं उंदरांची पंगत बसली होती. खळ गेली, खळीबरोबर कागद गेला. एक उंदीर तेवढा मिशांना बेगड लावून, नवरदेवासारखा बसला होता.

संध्याकाळी गोरज मुहूर्त. भिवरा खाली बसली, तिला रडू आवरेना. मग सासू काठी टेकत आली आणि म्हणाली, "अगं, खळीत पाणी पडेल. पाला कुठं ठेवलास?"

भिवरानं डोळे पुसले. खंडूनं चूल पेटवली, सासूनं सुई ओवायला दिली, भिवरानं कात्री धरली. मग ठकू दारातूनच विचारू लागली की आतां यावं का. भिवरानं तिला मांडीवर ओढलं. "बाय माझी, तुझी पाकळी तुला हवी तिथं लाव." ठकूनं लावली. बरोब्बर कपाळाच्या मध्यावर, आणि उलटी.

बाशिंग वाड्यावर गेलं. राणीनं हातात घेतलं, फिरवून पाहिलं.

"ही उलटी पाकळी कुणाची?"

"माझ्या लेकीची."

"ही बोराएवढी गाठ?"

"आत्याबाईंची."

"आणि हा डाग?"

"खळीचा. घरधन्यांचा. सरळ आहे तेवढं माझं, राणीसाहेब. अगदी सरळ एक केलं होतं, ते उंदरांना आवडलं."

दासींनी पदर तोंडाला लावले. राणी मात्र बाशिंगाकडे बघत राहिली. लेकीच्या लग्नात हळद दासींनी दळली होती, शेवया दासींनी वळल्या होत्या. तिनं नुसतं बोट दाखवलं होतं. हळूच म्हणाली, "बाई, यात अजून एका पाकळीला जागा आहे का?"

भिवरानं पाकळी दिली. राणीनं लावली, पडली. पुन्हा लावली, पडली. तिसऱ्यांदा लावली, ती चिकटली, वाकडी. राजकन्येनं ती बोटानं चाचपली आणि आईच्या गळ्यात पडली. मग तेच बाशिंग बांधून ती मांडवात उभी राहिली. भिवराला वाड्याची कामं मिळाली, घरादाराला हात पुरेनात.

जशी पाकळीमाय भिवराला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाच्या घरी एकीवर सगळं न पडो. ही पुष्कळ पाकळ्यांची कहाणी थोडक्या पाकळ्यांत सुफळ झाली. संपूर्ण व्हायला एवढंच राहिलं:

पुढं एकदा म्हातारी पुन्हा आली. आतां भिवरानं ओळखलं, पाया पडली, पाट दिला, आणि वसा म्हणून तिच्याही हातात पाकळी दिली. म्हातारीनं लावली, ती घसरली. पुन्हा लावली, बोटालाच चिकटली. पाकळीमाय वैतागून म्हणाली, "तिन्ही लोक मी या हातांनी घडवले, आणि ही एवढीशी पाकळी मला ऐकत नाही."

भिवरा भाकरी थापीत होती. वर न बघता म्हणाली, "ते तिन्ही लोक एकटीनंच घडवलेत ना, आई? दिसतंच आहे."